हप्ता लागला की माणूस लायनीवर येतो म्हणे!

"आधी घर घे, मग नोकरीचं बघ."

गेल्या वर्षभरात हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं याची मोजदाद मी सोडून दिली आहे. मामा म्हणाला, शेजारचे काका म्हणाले, ऑफिसातला सीनियर म्हणाला. एवढंच काय, रविवारी बदलापूरच्या एका सॅम्पल फ्लॅटमध्ये चहा पाजणारा सेल्सचा पोरगासुद्धा म्हणाला, "सर, जॉब का क्या है, सबका ऐसाच है. एक बार घर हो गया ना, टेन्शन आधा!" आणि यावर कडी म्हणजे मामाचं ठेवणीतलं वाक्य: "हप्ता लागला की माणूस आपोआप लायनीवर येतो."

तर मंडळी, आजच्या शनिवारी या लायनीवर येण्याचा समाचार घ्यायचा बेत आहे. लेख लांबलाय, चहा घेऊनच बसा.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. अंबरनाथ पूर्वेला आई-बाबांबरोबर राहतो. इंजिनीअरिंग झालं, कॅम्पसमधून आयटीत लागलो, सध्या ऐरोलीला एका सपोर्ट प्रोजेक्टवर आहे. रात्री दोन वाजता फोन वाजतो, कुठल्या तरी सर्व्हरवर कुठला तरी जॉब फेल झालेला असतो, तो मी पुन्हा चालू करतो आणि सकाळी त्याचा अहवाल लिहितो. गेली तीन वर्षं हेच. अप्रेजलमध्ये दर वर्षी तेच गुळमुळीत शेरे. पगार हातात साधारण ७५ हजार. वाईट नाही, नाकारत नाही. पण रविवारी संध्याकाळी पाच वाजल्यापासून पोटात गोळा येतो, आणि असा गोळा येणारे आमच्या गाडीच्या डब्यात डझनभर तरी निघतील.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ज्या नोकरीतून बाहेर पडायची इच्छा आहे, त्या नोकरीचा पगार दाखवून मिळेल तेवढं कर्ज उचलणं म्हणजे बाहेर पडायच्या दाराला आपल्याच हाताने कुलूप घालणं. घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. घर किती मोठं, कुठे आणि कधी, हे सध्याच्या पगारावर ठरवू नका, एवढंच म्हणतोय.

आता एकेक मुद्दा घेऊ.

"पगार चांगला आहे तोवर कर्ज काढून घे"

हा सगळ्यात दमदार युक्तिवाद. बँकेला सॅलरी स्लिप लागते, फॉर्म सोळा लागतो, नोकरी बदलली की प्रोबेशनमध्ये बँका नाकं मुरडतात. सगळं खरं. पण या युक्तिवादात बँकेने आपल्याला किती द्यावं याचाच विचार आहे. आपल्याला किती झेपेल हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

जरा हिशोब करू. समजा बदलापुरात ५० लाखांचा टू बीएचके पाहिला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. म्हणजे कर्ज ४० लाख, आणि १० लाख आपले. मुद्रांक शुल्क कर्जात धरत नाहीत. ते ६-७ टक्के म्हटलं तरी तीन-साडेतीन लाख. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेली इमारत असेल आणि किंमत ४५ लाखांच्या वर असेल तर जीएसटी ५ टक्के, म्हणजे अजून अडीच लाख. बेरीज करा: खिशातून सोळा लाखांच्या आसपास, तेही फर्निचर आणि सोसायटीचे पैसे सोडून. हे सोळा लाख म्हणजे आजवरची सगळी बचत, आईची मोडलेली एफडी आणि बाबांच्या निवृत्तीच्या पैशातला एक लचका.

आता हप्ता. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर ४० लाखांचा हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २८,३३३ रुपये व्याजाचे आणि मुद्दलाचे फक्त ६,३८०. तीन वर्षं इमानेइतबारे हप्ते भरले की साडेबारा लाख गेलेले असतात आणि मुद्दल उतरलेलं असतं दोन लाख साठ हजार. वीस वर्षांत एकूण भरायचे ८३ लाखांच्या वर.

७५ हजारांच्या पगारात हा हप्ता म्हणजे ४६ टक्के. बँकेचा माणूस म्हणतो, "बसतंय सर, आरामात." बसतं ना! पण कशात बसतं? नेमक्या याच पगारात. उद्या मला ६० हजारांची पण मनाजोगती नोकरी मिळाली, डेव्हलपमेंटचं काम मिळालं, किंवा एखादी छोटी कंपनी जिथे काही शिकायला मिळेल, तर हाच हप्ता ५८ टक्के होतो. मग ऑफर लेटर हातात घेऊन मी काय करणार? नकार कळवणार आणि रात्री दोनचा फोन उचलणार. अजून वीस वर्षं.

"भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे"

हे वाक्य शाळेच्या पुस्तकात घालायला हवं, इतकं पाठ आहे सगळ्यांना. मग पहिल्या महिन्याचं २८ हजार व्याज कुठे जातं? गंगेत? भाडं घरमालकाला जातं, व्याज बँकेला जातं. दोन्ही परत येत नाहीत. फरक एवढाच की भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि कर्जाचा वीस वर्षांचा.

शिवाय बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बुकिंग केलं तर मजा बघा. ताबा मिळेपर्यंत आहे त्या घराचं भाडंही द्या आणि उचललेल्या कर्जाचं व्याजही द्या. दोन्ही घोड्यांवर एकाच वेळी.

"पण टॅक्स वाचतो!" वाचायचा. जुन्या करप्रणालीत अजूनही वाचतो, स्वतः राहायच्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत. पण २०२३-२४ पासून आपोआप लागू होते ती नवी करप्रणाली, आणि तीत ही वजावट नाही. काकांनी ही बातमी वाचलेली नाही असं दिसतं.

आणि हप्ता कायमचा ठरलेला असतो हाही एक गोड गैरसमज. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ज्यांनी २०२१ मध्ये सात टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलं त्यांचा व्याजदर वर्षभरात साडेनवाकडे सरकला. ४० लाखांवर हा फरक महिन्याला सहा हजारांच्या वर आहे. कित्येकांच्या बाबतीत बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत गुपचूप वाढवली. २०२५ मध्ये दर पुन्हा खाली आले, हे खरं. पण मधली तीन वर्षं कुणी काढली?

"आम्ही नाही का काढली नोकरी? कुरकुर न करता?"

इति आमचे ज्येष्ठ. इथे मात्र जरा आदराने, पण ठामपणे बोलावं लागेल.

आमच्या अंबरनाथचंच घ्या. आधीच्या पिढीतल्या कित्येकांची नोकरी ऑर्डनन्स फॅक्टरीत. नोकरीबरोबर क्वार्टर, भोंगा झाला की सायकलवर दहा मिनिटांत कामावर, आणि निवृत्तीनंतर पेन्शन. त्यांनी स्वतःचं घर घेतलं ते बहुधा चाळिशी-पन्नाशीत, पीएफमधून उचल घेऊन, छोटं कर्ज काढून. म्हणजे घर हे नोकरीच्या शेवटाकडे यायचं. आपण ते सत्ताविसाव्या वर्षी, नोकरीच्या सुरुवातीला घेतोय, आणि तेही पुढच्या वीस वर्षांच्या पगारावर डोळा ठेवून. दोन्हींची तुलना होतच नाही.

आणि कायम काहीच नसतं, हे अंबरनाथकरांना कुणी वेगळं सांगायला नको. विम्को नाका हे नाव आजही रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर सोडतो. काडेपेट्यांचा कारखाना मात्र राहिला नाही. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. खुद्द ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचंही १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्यांमध्ये रूपांतर झालं. आयटीचं तर बोलायलाच नको. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार लोक, म्हणजे दोन टक्के मनुष्यबळ, कमी करणार असं जाहीर केलं. टीसीएस म्हणजे सरकारी नोकरीच, असं ज्यांना वाटायचं त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल?

म्हणजे नोकरी आपण सोडली नाही तरी ती आपल्याला सोडू शकते. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँकेच्या दृष्टीने ते खातं एनपीए होतं, मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस. माझ्या ऑफर लेटरमध्ये नोटीस पिरीयडही ९० दिवसांचाच आहे. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवण्यासारखा.

"लायनीवर येतो" म्हणजे नेमकं काय होतं?

आता मूळ वाक्याकडे येतो. हप्ता लागला की माणूस लायनीवर येतो. हे खरंच आहे! मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या टीममधल्या एकाने गृहप्रवेशाचे पेढे वाटले. त्याआधी हा गडी मीटिंगमध्ये दोन हात करायचा, "हे शनिवार-रविवारचं काम कॉम्प-ऑफशिवाय होणार नाही" असं तोंडावर सांगायचा. पेढ्यांनंतर तीन महिन्यांत तो मान खाली घालून रोटेशनल शिफ्ट करायला लागला. मॅनेजर त्याच्याशी जास्त प्रेमाने वागायला लागला का? छे! उलट अवघड शिफ्ट आधी त्याच्याच नावावर लागायची. मॅनेजरलाही माहिती असतं की हा आता कुठे जात नाही. पगारवाढीची खैरात, रिटेन्शन बोनस वगैरे जाऊ शकणाऱ्यांसाठी असतं. ज्याचे पाय बांधलेत त्याला दोरी कशाला द्यायची?

मामाला जे 'लायनीवर येणं' वाटतं ते बाहेरून तसंच दिसतं. पोरगा तक्रार करत नाही, रोज गाडी पकडतो, महिन्याच्या महिन्याला हप्ता जातो. पण त्याची तक्रार मिटलेली नसते, फक्त ती सांगण्यात अर्थ राहिलेला नसतो. आपल्या माणसाबद्दल हे समाधानाने कसं बोलता येतं हे मला आजवर कळलेलं नाही.

घर आणि नोकरी हे दोन वेगळे निर्णय नाहीत

आपल्या पट्ट्यात तर नाहीतच. पवईत राहणाऱ्याचं वेगळं. आपल्याकडे घर जितकं स्वस्त तितकं स्टेशन लांब. कल्याण, मग विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, पुढे वांगणी-शेलू. प्रत्येक स्टेशनागणिक भाव उतरतो आणि त्या फरकाचे पैसे आपण रोज तासांत भरतो.

बदलापूरहून ऐरोली म्हणजे ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी. घराच्या दारापासून डेस्कपर्यंत पावणेदोन तास धरा, गाडी वेळेवर असेल तर. जाऊन-येऊन साडेतीन. महिन्याचे बावीस दिवस म्हटले तर ७७ तास. नऊ तासांचा दिवस धरला तर साडेआठ दिवस फुकटची नोकरी, आणि ती उभ्याने. सीट हवी म्हणून अंबरनाथहून आधी उलटं बदलापूरला जाणारे आणि तिथून बसून येणारे लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. बाकीचे दारात लटकतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ चालत्या गाड्यांतून माणसं पडून मेली. दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तेच दार, तीच गर्दी.

कोरोनाच्या काळात घरून काम चालू होतं तेव्हा अनेकांनी हिशोब केला की ऑफिसला जायचंच नाहीये तर बदलापुरात मोठं घर घेऊ. हिशोब त्या वेळेपुरता बरोबर होता. मग कंपन्यांनी परत बोलावलं, आधी दोन दिवस, मग तीन, मग पाच. घर काही ठाण्याकडे सरकलं नाही.

म्हणून म्हणतो, आधी नोकरीत काय खुपतंय ते शोधा. काम आवडत नाही? मॅनेजर त्रास देतो? की प्रवासाने जीव जातोय? तिन्हींवर औषध वेगळं आहे. मॅनेजरचा त्रास असेल तर टीम बदला. कामाचा कंटाळा असेल तर शिका आणि कंपनी बदला. प्रवासाचाच त्रास असेल तर अजून दोन स्टेशनं लांब घर घेणं म्हणजे तापावर उन्हात बसण्याचा उपाय! त्यापेक्षा वर्षभर ऐरोली-रबाळ्याला दोन मित्रांबरोबर भाड्याने राहून बघा. कदाचित नोकरी इतकी वाईट नाही असंही लक्षात येईल. आणि पुढची नोकरी हिंजवडीला मिळाली तर? तेव्हा बदलापूरच्या त्या टू बीएचकेचं काय करणार?

कंटाळलेला माणूस वाईट गिऱ्हाईक असतो

एक गोष्ट कुणीच बोलत नाही. नोकरीला वैतागलेला माणूस घर बघायला जातो तेव्हा तो घर कमी आणि सुटका जास्त बघतो. आठवडाभर कुणी विचारलेलं नसतं, आणि रविवारी एसी ऑफिसात "या सर, बसा सर". त्याला सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीतून डोंगर दिसतो, हायसं वाटतं, आणि तो टोकन देऊन येतो. कागद बघायला सुट्टी लागते, वकिलाकडे जायला शनिवार लागतो, आणि शनिवारी रिलीज असते.

आणि आपला पट्टा असा आहे की इथे कागद न बघणाऱ्याची खैर नाही. उल्हासनगरात ८५५ बेकायदा इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात इतकं पेटलं की शेवटी २००६ मध्ये खास त्या एका शहरासाठी दंड भरून बांधकामं नियमित करण्याचा कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये त्याच उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळले आणि माणसं गेली. डोंबिवली परिसरात ६५ इमारती अशा निघाल्या की बनावट परवानग्या दाखवून त्यांचे महारेरा नंबर मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. त्यांत घर घेणाऱ्यांनी बँकेची कर्जं काढली होती. 'बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद क्लिअर' असं मानणाऱ्यांनी हे नीट वाचावं. आणि बदलापुरात उल्हास नदीकाठी घर बघताय? २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बोटींनी काढलं. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'रिव्हर व्ह्यू' लिहिलेलं असतं. पूररेषेचा नकाशा आपल्यालाच मागावा लागतो.

हे सगळं तपासायला डोकं थंड लागतं. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही हा रेराचा साधा नियम. तो सेल्सवाल्याला ऐकवायलाही जरा ताठ कणा लागतो. आठवडाभर "यस सर" म्हणणाऱ्याचा कणा रविवारी अचानक कुठून येणार?

मग राजीनामा फेकायचा का?

अजिबात नाही! दुसरी ऑफर हातात नसताना राजीनामा देऊन 'पॅशन फॉलो' करायला सांगणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. त्यांच्या वडिलांचे बहुधा दोन-तीन फ्लॅट असतात. आपल्यासारख्यांनी नोकरीत राहूनच नोकरीतून सुटायचं असतं, आणि त्यासाठी क्रम उलटा करावा लागतो. आधी नोकरीचं बघ, मग घर घे.

माझा बेत सांगतो, पटला तर बघा.

एक, हप्ता ठरवायचा तो मला हव्या असलेल्या नोकरीच्या पगारावर. माझ्या बाबतीत ६० हजार. त्याच्या ३५-३६ टक्के म्हणजे २१-२२ हजार. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांत एवढ्या हप्त्याला २५ लाखांचं कर्ज बसतं (नेमका हप्ता २१,६९६). म्हणजे टू बीएचके विसरा. वन बीएचके, तोही जुन्या इमारतीतला, ओसी असलेला, ज्यावर जीएसटी लागत नाही आणि ज्यात उद्यापासून राहता येतं.

दोन, आणि हे महत्त्वाचं. याच २५ लाखांवर मी जमेल तेव्हा मघाचाच ३४,७१३ चा हप्ता भरत राहिलो तर कर्ज साडेआठ वर्षांच्या आत फिटतं! बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने २०१२ पासूनच बंदी घातलेली आहे. पगार चांगला असेल तेव्हा जास्त भरा, पगार कमी झाला तर मूळ हप्त्यावर या. गाडीचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही आपल्या पायाखाली. ४० लाखांच्या कर्जात फक्त ॲक्सिलरेटर असतो.

तीन, बुकिंगच्या आधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते बाजूला. ते जमत नसेल तर घराची वेळ आलेली नाही.

चार, नोकरी आधी बदलायची, नव्या ठिकाणी कन्फर्म व्हायचं, मगच बँकेत जायचं. यात फार तर वर्ष-दीड वर्ष जातं. "तोवर भाव वाढतील!" वाढतील कदाचित. पण नोकरी बदलताना पगार जितका वाढतो तितका अप्रेजलमध्ये वाढत नाही, हे आयटीत कुणाला सांगायला हवं का? आणि आपण राहत असलेल्या घराचा भाव वाढला म्हणून त्यातलं बाथरूम विकून कुणी हप्ता भरत नाही.

राहिला लग्नाचा मुद्दा. "मुलाचं स्वतःचं घर आहे का?" हा प्रश्न येतोच, आणि बायोडेटात 'बदलापूर येथे टू बीएचके' लिहिलं की फोन वाढतात हेही खरं आहे. पण त्याच ओळीत 'कर्ज ४० लाख, हप्ता पगाराच्या ४६ टक्के, मुलगा रात्री दोन वाजता फोन उचलतो, नोकरी बदलू शकत नाही' हेही लिहायची पद्धत सुरू करावी असं मी सुचवतो. (ह. घ्या.) समोरच्या मुलीलाही नोकरी असते, तिच्याही डोक्यात हिशोब असतो. कर्ज दोघांनी मिळून ठरवायचं असेल तर तिचं मत विचारण्याआधीच आपण सही का करून बसतो?

मला माहिती आहे, हे वाचून काही जण म्हणतील की वन बीएचकेत आयुष्य काढायचं का. नाही हो. आठ-साडेआठ वर्षांत ते फिटलं की पस्तिशी-छत्तिशीत विकून मोठं घ्या, तेव्हा हातात आख्ख्या घराचे पैसे असतील. ज्यांना खरोखर नोकरी आवडते, पगार पक्का आहे, त्यांनी खुशाल ४० लाख घ्यावेत. हा लेख त्यांच्यासाठी नाहीच. हा आहे रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येणाऱ्यांसाठी.

पुढच्या आठवड्यात सेल्सवाल्याचा फोन येईलच. "सर, फेस्टिव्ह ऑफर संपतेय, फक्त दोन फ्लॅट राहिलेत." त्याला रेट विचारण्याआधी एक कागद घ्या. त्यावर तुम्हाला हव्या असलेल्या नोकरीचा पगार लिहा आणि त्यातून हा हप्ता वजा करा. उरलेल्या रकमेत महिना निघत असेल तर जरूर साईटवर जा. निघत नसेल तर त्याला सांगा, वर्षभराने फोन कर. दोन फ्लॅट तेव्हाही शिल्लक असतीलच.